येण्याचं कारण

लॉजच्या मॅनेजरनं जाडजूड रजिस्टर पुढं सरकवलं. नाव, वय, कुठून आलात, कुठं जाणार हे रकाने भराभर भरले. 'येण्याचे कारण' या रकान्यापाशी मात्र पेन थबकलं. वरच्या ओळींत कुणी 'कोर्ट' लिहिलं होतं, कुणी 'लग्न', कुणी 'कंपनी काम'. अलिबाग हे रायगड जिल्ह्याचं मुख्य ठिकाण, त्यामुळं स्टँडजवळच्या लॉजवर अशीच गिऱ्हाइकं जास्त. मी 'खाजगी' लिहिलं आणि उगाचच चोरी केल्यासारखं वाटलं.

आमच्या अमडापुराकडं कामाशिवाय परगावी मुक्काम करत नाहीत. लग्न असतं, दहावा असतो, दवाखाना असतो. देव असेल तर प्रश्नच नाही. शेगावच्या भक्तनिवासात खोली घेणाऱ्याला कुणी कारण विचारत नाही. समुद्र यातल्या कशातच बसत नाही. निघताना घाटाखालचे मामा म्हणालेही, "खारं पाणीच पाहायचं तर आमच्या विहिरीवर ये की!" त्यांचं गाव खारपाणपट्ट्यातलं. घाटावरच्या आम्हांला लोणारचं सरोवरही जवळच. म्हणजे खाऱ्या पाण्यासाठी शेगावहून रेल्वे आणि पनवेलहून एसटी करायची गरज नव्हतीच.

मग खोली तरी समुद्रासमोरची का घेतली नाही? खिशाला परवडत नव्हती, हे खरं कारण. पण राहिल्यावर वाटलं, परवडली असती तरी घेऊ नये. खिडकीतून समुद्र दिसावा म्हणून जे जादा पैसे मोजतो, त्यातले बरेचसे मधलं गाव दिसू नये म्हणून मोजलेले असतात. माझ्या खिडकीतून शेजारच्या गच्चीवरची पाण्याची टाकी आणि वाळत घातलेला गाऊन दिसायचा. समुद्र गाठायला रोज बाजारातून चालत जावं लागे. मासळी, भाजी, झेरॉक्स, कान्होजी आंग्र्यांची समाधी, आणि मग एकदम रस्ता संपून वाळू.

दुसऱ्या दिवशी संकष्टी होती. चंद्रोदय कधी ते बघायला मी काउंटरमागच्या कालनिर्णयापाशी गेलो. मॅनेजर म्हणाला, "किल्ल्यात जायचंय ना? नऊच्या आसपास जा, ओहोटी असेल." भरतीचं वेळापत्रक त्यानं पाहिलंच नव्हतं. त्याचा हिशोब सोपा होता: तिथीची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी म्हणजे चारची पाऊणपट, तीन. तीनला भरती, म्हणून नऊला ओहोटी. पौर्णिमा झाली की पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. घड्याळाइतकं काटेकोर नाही, पण चालायला पुरेसं. मी आयुष्यभर तिथी बघितली ती उपास कधी सोडायचा एवढ्यासाठी. त्याच चौकोनात समुद्र लिहिलेला असतो, हे मला चाळिशीनंतर एका लॉजच्या काउंटरवर कळलं.

नऊ वाजता पँट गुडघ्यापर्यंत दुमडून कुलाबा किल्ल्याकडं निघालो. १६८० साली शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेला हा किल्ला ओहोटीला पायी जाण्याजोगा होतो. आतल्या गणपतीला संकष्टीची गर्दी होती. डब्यातून साबुदाण्याची खिचडी आणलेल्या बायका, शाळा बुडवलेली पोरं. समुद्र त्यांच्यासाठी बघायची वस्तू नव्हती, देवळाच्या वाटेत आडवा येणारा ओढा होता. परतताना पाणी घोट्याच्या वर आलं तसं एक आजी मागं वळून ओरडल्या, "चला रे, भरती काय आपल्यासाठी थांबणार नाही!"

अलिबागात एक चुंबकीय वेधशाळाही आहे. ती आधी मुंबईत, कुलाब्याला होती. तिथं विजेवर ट्राम धावू लागणार, मग चुंबकसुया थरथरणार, म्हणून १९०४ साली इकडं हलवली. तिला रजिस्टर भरायला लावलं असतं तर कारणाचा रकाना तिनं चटकन भरला असता.

गावी उतरलो तेव्हा बल्लाळी देवीच्या टेकडीवर ऊन कलत होतं. स्टँडवरच्या चहावाल्यानं पिशवीकडं बघून विचारलंच, "कोन्या कामानं गेल्ते भाऊ?"

"समुद्र पाह्यला गेल्तो."

"ते झालं," तो म्हणाला. "पन काम काय होतं?"