कागद आमचा, कसणूक त्याची

अलिबाग तालुक्यात आमची दीड एकर जमीन आहे, थोडी भाताची खाचरे आणि बाकी वाडी. आजोबांनी तेलाच्या घाण्यावर मिळवलेल्या पैशातून ती घेतली. पण कसली ती नेहमी गावच्या कुळानेच. आम्ही व आमचे दोघे भाऊ इस्राएलला येऊन चाळीस वर्षे उलटली. कुळाचा नातू अजून आंब्याच्या दिवसांत फोन करतो, "आत्या, झाड लगडलंय, एकदा येऊन जा."

गेल्या वर्षी मुंबईचे एक गृहस्थ, शेतकरी असल्याचा दाखला असलेले, ही जमीन घ्यायला तयार झाले. दलाल म्हणाला, "कुळाचं आम्ही बघून घेतो." त्या 'बघून घेतो'ने आमची झोप उडाली.

वाचकांना कूळकायदा आठवत असेलच. १९४८ चा मूळ कायदा, आणि पुढे १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन. त्या दिवशी कसणारा कायद्यानेच खरेदीदार मानला गेला. आपल्यापैकी कित्येकांच्या जमिनी तेव्हा कुळांकडे गेल्या व त्याची कुरकुर आम्ही लहानपणी घरोघरी ऐकली. आमची राहिली, कारण आजी विधवा होती. मालकीण विधवा असली की कुळाचा खरेदीचा हक्क लांबणीवर पडे. तिच्या मागे ठराविक मुदतीत कुळाने आपण जमीन घेत असल्याचे रीतसर कळवायचे. आजी १९७४ साली वारली. कुळाने काही कळवले नाही. त्याला कोण सांगणार? आमच्या वडिलांना मुदत ठाऊक होती. ते गप्प राहिले.

आज सातबाऱ्यावर कब्जेदार म्हणून आमची नावे आहेत आणि कुळाचे नाव 'इतर हक्क' या रकान्यात. मुदत चुकली, बाजू तुमची बळकट, असे वकील म्हणतात. खंडही १९८० नंतर आलेला नाही, हेही खरे. धाकट्या भावाने तर मिश्ना काढून दाखवली. बाबा बत्रा, तिसरा अध्याय: तीन वर्षे बिनतक्रार ताबा असला तर तो मालकीचा पुरावा ठरू शकतो, पण वाट्याने कसणाऱ्याला ही सवलत नाही. भाऊ खूश.

आम्ही त्याला म्हटले, बाबा रे, जमीन कोणाची याचे हे उत्तर झाले. विकताना त्याला वगळायचे का, हे कुठे विचारलेस? त्याचेही उत्तर आपल्या धर्मपंडितांनी बाबा मेत्सियात ठेवले आहे. शेत विकायला निघाले तर लगतच्या शेजाऱ्याचा हक्क पहिला. परक्याने घेतले तरी शेजारी तीच किंमत देऊन ते मागू शकतो. या नियमाला आधार चोरीच्या आज्ञेचा नाही, तर नीट आणि चांगले वागावे या आज्ञेचा आहे. बांधापलीकडच्याला एवढा मान, मग बांधाच्या आत तीन पिढ्या राबलेल्याला किती?

आम्ही आयुष्यभर वॉर्डात काम केले. खाटेच्या पायथ्याशी तक्ता लटकलेला असे. तो खोटा नसे. पण नुसता तक्ता वाचून पुढे जाणारी नर्स आम्हाला कधी आवडली नाही.

बरे, त्या मुंबईच्या गृहस्थांचे काय? दलालाने त्यांना सातबारा दाखवला, वाडीतले कुळाचे घर दाखवले नाही. कुळाच्या घराखालची जागा विकताना आधी त्यालाच विचारावे, असे खुद्द कूळकायद्यात आहे. ते कष्टाचे पैसे मोजतील आणि हाती येईल कोर्टाची तारीख.

धाकट्याला मुलाच्या घरासाठी पैसे हवे आहेत, ती गरज खोटी नाही. मुखत्यारपत्रावर तीन सह्या लागतात. दोन झाल्या, राहिली ती आमची. आम्ही नातवाला पत्र लिहिले आहे. जमीन आधी त्याने घ्यावी, झेपेल तशी हप्त्यांनी, असे त्यात आहे, आणि १९७४ ची हकीकतही आहे. मोठा भाऊ काही बोलला नाही. धाकट्याने शब्बाथच्या जेवणाला येणे बंद केले आहे.