यादी वरून वाचा

भोकरदन तालुक्यातलं एक गाव. 2012-13च्या दुष्काळात इथल्या बायका हंडे घेऊन टँकरमागे धावल्या होत्या. यंदा विहिरीला पाणी होतं, पण ऐन चैत्रात नळयोजनेची मोटार जळाली. भरायला टाकावी, तर मिस्त्रीची मागचीच उधारी थकलेली आणि ग्रामनिधीच्या खात्यावर खडखडाट.

सरपंचबाईंनी ग्रामसभा बोलावली. माणसं पारावर जमली तीच चिडून. "वित्त आयोगाचे लाखो रुपये येतात, ते जातात कुठं?"

ग्रामसेवकानं समजावून सांगितलं. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला. उरलेल्यातूनही पगार करता येत नाहीत आणि मंजूर आराखड्यात नसलेलं काम धरता येत नाही. अवचित जळालेली मोटार, पाणी सोडणाऱ्या शिपायाच्या पगारातला ग्रामपंचायतीचा वाटा, हे सगळं गावच्या घरपट्टी-पाणीपट्टीतून भागवायचं. आणि ती तर निम्म्या गावानं वर्षानुवर्षं भरलेली नव्हती.

तेवढ्यात एक म्हातारी उठली. एकटी राहणारी, लोकांच्या रानात कापूस वेचून पोट भरणारी. तिनं प्लास्टिकच्या पिशवीतून पावत्यांची चळत काढली. घड्यांवर विरलेल्या, काहींवरची शाई उडून गेलेली.

"माय, मी दरसाल पट्टी भरली. ह्या बघा पावत्या. मंग मह्या नळाला पाणी कामून नाही?"

कोणाच्याच तोंडून शब्द फुटेना. मोटार साऱ्या गावाला एकच. ज्यांनी पट्टी बुडवली त्यांच्या दारात रोज वीस रुपयांचा जार उतरत होता. दोन महिन्यांच्या जारच्या पैशांत वर्षाची पाणीपट्टी फिटली असती. म्हातारीला जार परवडत नव्हता. पट्टी भरूनही ती डोक्यावर हंडा घेऊन रानातल्या विहिरीवर जात होती. याहून मोठा अन्याय गावात दुसरा कोणता असेल, मला सांगता येत नाही.

सरपंचबाईंनी थकबाकीची यादी वाचायला सांगितली. सगळ्यांत मोठी थकबाकी त्यांच्याच थोरल्या दिरांची, म्हणून पहिलं नाव त्यांचं. ग्रामसेवक अवघडला आणि दुसऱ्या नावापासून सुरू झाला.

"भाऊसाहेब, यादी वरून वाचा," बाई म्हणाल्या.

नाव वाचलं गेलं तसे दीर उठून चालू लागले. रुसले, असंच सगळ्यांना वाटलं. थोड्या वेळानं ते परत आले ते नोटा घेऊनच. भावजयीकडे न बघता त्यांनी पैसे शिपायापुढे ठेवले. "फाड पावती. आन् ती मोटार आजच धाड."

मग एकेक जण खिसे चाचपू लागला. मिस्त्रीची उधारी फिटली, मोटार भरून आली, नळ सुटले.

तरी सगळ्यांनी पट्टी भरली असं नाही. काही नावं अजून यादीत आहेत. दर ग्रामसभेत ती यादी पहिल्या नावापासून वाचायची, असा ठराव मात्र त्याच दिवशी एकमतानं मंजूर झाला.