विसावलेली काडी

अंजिराची काडी मातीत रोवून नवे झाड करायचे, तर वेळ कोणती निवडावी? मृगाच्या सरी आल्या की कोणतीही काडी जगते, हा आपल्याकडचा रूढ समज. अंजिराबाबत तो अर्धाच खरा आहे. कापलेल्या काडीला मुळे नसतात, पण पाने असली तर ती पाणी बाहेर टाकतच राहतात. पानगळ झालेल्या पक्व काडीत मात्र हा खर्च थांबलेला असतो आणि स्टार्चची शिल्लक भरपूर असते. तिच्यावरच पहिली मुळे फुटतात. म्हणून भूमध्य समुद्राकाठी हिवाळा सरताना, डोळे फुगण्याआधी काड्या घेतात.

कोणी म्हणेल, थंडीत मुळे कशी फुटणार? शंका रास्त आहे. म्हणूनच काडी विसावलेली आणि माती उबेकडे झुकलेली, असा संधिकाळ साधायचा. दुसरा आक्षेप पुरंदरच्या अंजीर-बागायतदाराचा असेल: आमच्याकडे कडक हिवाळा नाही, त्यात खट्टा आणि मीठा असे दोन बहार, झाड विसावणार कधी? पण तिथेही बहारापूर्वी पाणी तोडून ताण देतात, मग छाटणी करतात. त्या छाटणीतली पक्व, निरोगी काडी कामाची. भर पावसात मात्र साचलेल्या ओलीने मुळांआधी काडीच कुजू शकते. तेव्हा मुहूर्त पंचांगात नव्हे, झाडाच्या अवस्थेत शोधावा. आपल्या नव्या कामांचेही तसेच आहे. बाहेरचे वातावरण कितीही अनुकूल असो, आतली शिल्लक पुरेशी आहे का, हे आधी तपासावे.