खोलीचे ज्ञान: प्रत्यक्ष की अनुमान?

जे डोळ्यांना दिसत नाही त्याचे ज्ञान कोणत्या प्रमाणाने होते, हा न्यायदर्शनाचा प्रश्न प्रकाश-ध्वनी प्रतिमांकनाने नव्याने उभा केला असून, या तंत्रावर इंदूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतही संशोधन होते. या पद्धतीत लेसरचा अत्यल्प काळाचा झोत ऊतींवर पडतो, रक्तातील हिमोग्लोबिन तो शोषून घेते, त्या उष्णतेने ऊती किंचित प्रसरण पावतात आणि त्यातून उठणाऱ्या श्राव्यातीत लहरी संवेदक टिपतो. या परिणामाचा शोध अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८० मध्ये लावला. ऊतींत प्रकाश साधारण एका मिलिमीटरनंतर आपली दिशा गमावतो, परंतु ध्वनी त्या मानाने फारच कमी विखुरतो. म्हणून लहर पोहोचण्यास लागलेला काळ आणि सेकंदाला सुमारे १५४० मीटर हा तिचा वेग यांच्या गुणाकारातून खोली ठरते. संवेदकाचा वारंवारतेचा पट्टा जितका रुंद, तितके जवळजवळचे थर वेगळे ओळखता येतात. मात्र उच्च वारंवारतेचा ध्वनी लवकर क्षीण होत असल्याने सूक्ष्मता वाढली की गाठता येणारी खोली घटते.

न्यायसूत्रांतील तीन अनुमानांपैकी शेषवत्, म्हणजे नदीच्या पुरावरून वरच्या भागातील पावसाचे होते तसे कार्यावरून कारणाचे ज्ञान, येथे लागू पडते, कारण ध्वनी हे कार्य आणि प्रकाशाचे शोषण हे कारण होय. त्यामुळे प्रतिमा कितीही सुस्पष्ट झाली तरी ती प्रत्यक्ष ठरत नाही; चरबी व स्नायू यांत ध्वनीचा वेग भिन्न असतो, आणि तो समान मानला की अनुमानही ढळते. विभेदन, म्हणजे जवळजवळचे थर वेगळे ओळखण्याची सूक्ष्मता, वाढवणे म्हणजे संशय कमी करणे होय, तो नाहीसा करणे नव्हे. म्हणून प्रतिमेसोबत तिची मर्यादाही सांगणे हे संशोधकाचे कर्तव्य ठरते.