पुंडलिकाची वीट आणि गेरासिमचा खांदा



गेल्या अधिक महिन्यात माझ्याकडून एक निराळेच पारायण घडले. आवाज बसल्यापासून कीर्तन थांबले आहे. सकाळी ज्ञानेश्वरी होते, पण संध्याकाळ रिकामी जाते. सुट्टीला आलेली नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही जन्मभर लोकांना ऐकवलंत. आता महिनाभर मी ऐकवते." तिने तीन परदेशी पुस्तके काढली. हेमिंग्वेचे पुस्तक पु. ल. देशपांडे यांनी 'एका कोळियाने' या नावाने मराठीत आणलेलेच आहे. बाकीची दोन ती इंग्रजीतून वाची आणि मला मराठीत सांगे.

हे कळताच आमचे एक जुने टाळकरी म्हणाले, "बुवा, घरात ज्ञानेश्वरी आहे, गाथा आहे. मग ही परक्यांची पुस्तकं कशाला?" हा पूर्वपक्ष टाकाऊ नाही. पण उत्तराआधी कथा ऐकावी.

'इव्हान इलिचचा मृत्यू' ही टॉलस्टॉयची १८८६ सालची कथा. इव्हान इलिच हा रशियातला न्यायाधीश. पगार चांगला, चार लोकांत मान. नव्या घरात पडदे लावताना तो शिडीवरून घसरतो, बरगडीला मार लागतो. मग दुखणे वाढत जाते आणि वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी तो मरतो. प्रसंग एवढाच. पण त्याला वेदनेपेक्षा जास्त छळते ते आसपासच्यांचे खोटे. आपण मरतो आहोत हे त्याला ठाऊक, घरच्यांना ठाऊक, वैद्यांना ठाऊक. तरी सगळे म्हणतात, औषध घ्या, बरे वाटेल. बायको आणि मुलगी नटूनथटून नाटकाला जातात. त्याच्याशी खरे वागतो तो एकटा गेरासिम, खेड्यातून आलेला तरुण नोकर. तो धन्याची घाण काढतो आणि तोंड वाकडे करत नाही. पाय उंच धरले की वेदना कमी होतात म्हणून धन्याचे पाय स्वतःच्या खांद्यावर घेऊन तो रात्र रात्र बसतो. आपण सगळेच मरणार आहोत, मग एवढे कष्ट का घेऊ नयेत, असे त्याचे साधे म्हणणे. हा उपदेश करीत नाही, फक्त खांदा देतो.

नात वाचत होती आणि मला आमचा दादा दिसत होता.

बावीस वर्षांपूर्वी माझा थोरला भाऊ असाच अंथरुणाला खिळला होता. सप्ताहाला निघण्यापूर्वी मी त्याला भेटायला गेलो. त्याने माझ्या उपरण्याचे टोक धरले आणि म्हणाला, "बाळा, आता माझं काही खरं नाही. थोडं बोलायचंय." मी म्हणालो, "असं बोलू नये दादा. माऊली बघून घेईल. पुढच्या आषाढीला आपण बरोबर चालू." आणि त्याच्या मुठीतून उपरणे हळूच सोडवून घेतले. दुसऱ्या दिवशी काल्याचे कीर्तन झाले. पुंडलिकाचे आख्यान इतके रंगले की मंडपात हुंदके ऐकू येत होते. कीर्तन संपल्यावर निरोप आला. दादाला काय बोलायचे होते ते आजही मला माहीत नाही.

काझुओ इशिगुरो यांच्या १९८९ च्या 'द रिमेन्स ऑफ द डे' या कादंबरीने तर मला आरसाच दाखवला. हे लेखक जन्माने जपानी, वाढले इंग्लंडात. २०१७ साली त्यांना नोबेल मिळाले. कादंबरीतला स्टीव्हन्स हा एका इंग्रज उमरावाच्या हवेलीचा मुख्य सेवक. धन्याकडे परदेशी पाहुण्यांची मोठी बैठक भरलेली असताना वर माडीवर त्याचा बाप प्राण सोडतो, आणि हा खाली पाहुण्यांच्या दिमतीत उभा. यालाच तो आयुष्यभर सेवाधर्म समजतो. पुढे कळते की ज्या धन्यासाठी हे केले, तो हिटलरच्या जर्मनीची तळी उचलत होता.

माझा धनी तसा नव्हता, तो विठ्ठल होता, असे मी मनाला समजावले. पण वाचकहो, विचार करा. पुंडलिक आईबापांची सेवा करीत होता, म्हणून प्रत्यक्ष विठ्ठलाला त्याने विटेवर उभे ठेवले. देव रागावला नाही, अजून उभा आहे. जो देव त्याच्यासाठी थांबला, तो माझ्यासाठी एक दिवस थांबला नसता काय? सप्ताहाला दुसरा बुवा मिळाला असता. दादाला दुसरा भाऊ नव्हता.

कोणी म्हणेल, शब्द दिला होता, गाव वाट पाहत होते. मान्य. जाणे कदाचित क्षम्य असेल. पण पुंडलिक देवाशी खोटे बोलला नाही. थांब म्हणाला आणि वीट दिली. मी दादाशी खोटे बोललो, आणि त्या खोट्याला माऊलींचे नाव लावले. नामाने धीर येतो हे खरेच; पण समोरच्याचे तोंड बंद करायला नाम वापरले, तर तो नामाचा अपमान होय.

आता टाळकऱ्यांना उत्तर. या पुस्तकांनी मला नवे काही शिकवले नाही. पुंडलिकाचे आख्यान मी शेकडो वेळा सांगितले होते. पण सांगणारा नेहमी व्यासपीठावर उभा असतो. आपण कथेत कुठे आहोत हे तिथून दिसत नाही. परक्या देशातल्या एका नोकराने मला खाली श्रोत्यांत बसवले, तेव्हा घरचीच कथा प्रथम ऐकू आली. श्रोत्यांचे डोळे ओले झाले की कीर्तन साधले, असे मी मानत आलो. आता वाटते, ते अर्धेच साधले होते. ओले डोळे घरी जाऊन कोणाच्या उशाशी बसले, तर उरलेले साधेल.

'एका कोळियाने'मधला म्हातारा समुद्रावरून हरून परततो. शार्कांनी मासा खाल्लेला, नुसता सांगाडा उरलेला. सकाळी एक पोर खोपटात येते, त्याचे फाटलेले हात पाहून रडते, आणि लगेच जाऊन कॉफी घेऊन येते. रडणे आणि कॉफी आणणे यांत अंतर नाही, हे मला फार आवडले.

तुमच्या घरात, शेजारी, कोणी अंथरुणाला असेल. त्याने उपरण्याचे टोक धरले, तर ते सोडवून घेऊ नका. बसा, आणि त्याला बोलू द्या.