गुपिताला मुदत हवी

नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, तेव्हा चीनपुढच्या पराभवाची जखम ओली होती. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत यांनी त्या पराभवाची लष्करी चौकशी केली. सप्टेंबर १९६३ मध्ये चव्हाणांनी तिचे निष्कर्ष लोकसभेत सांगितले, पण अहवाल उघड केला नाही. त्या घडीला ते रास्तच होते. शत्रू समोर होता आणि सैन्य नुकते सावरत होते. आता साठ वर्षे उलटली. २०१४ मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या पत्रकाराने अहवालाचा बराचसा भाग इंटरनेटवर टाकला. तो जगाने वाचला, तरी सरकारदरबारी ते गुपितच आहे.

याचे मूळ १९२३ च्या ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्टमध्ये आहे. इंग्रजांनी तो आपल्या राज्याच्या सोयीसाठी केला आणि स्वतंत्र भारताने तो कायम ठेवला. ‘गुपित’ कशाला म्हणायचे, याची व्याख्याच त्यात नाही. कागदावर ‘गोपनीय’ शिक्का मारणाऱ्याला कारण द्यावे लागत नाही आणि तो शिक्का कधी पुसायचा हेही कायदा सांगत नाही. २००२ मध्ये पत्रकार इफ्तिखार गिलानी यांना याच कायद्याखाली अटक झाली. त्यांच्याकडचा मजकूर आधीच छापून प्रसिद्ध झालेला होता, तरी ते सात महिने तुरुंगात होते.

२००५ च्या माहिती अधिकार कायद्याने जनहित मोठे असेल तर गोपनीय माहितीही देण्याची मुभा ठेवली. पण वीस वर्षांनंतर माहिती खुली करण्याच्या त्याच्या तरतुदीतून देशाची सुरक्षा वगळलेली आहे. नेमका तिथेच नागरिक अडतो.

हेरांची नावे, सांकेतिक लिपी, सैन्याच्या आजच्या जागा जपल्याच पाहिजेत. त्यात तडजोड नको. पण चुकलेला आदेश आणि तो देणाऱ्याचे नाव कायमचे झाकून ठेवण्याने कुणाचे रक्षण होते? बर्फात पुरेशा कपड्यांविना लढलेल्या जवानांचे तर नक्कीच नाही. २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने युद्धविषयक कागदपत्रे साधारणतः २५ वर्षांत खुली करण्याचे धोरण जाहीर केले. धोरण मात्र उद्याचे सरकार बदलू शकते. ही मुदत कायद्यातच असावी, आणि ती वाढवायची तर मंत्र्याने प्रत्येक वेळी संसदेला लेखी कारण द्यावे.