अर्ध्या तिकिटाचे तत्त्वज्ञान

मी बी. कॉम. झालो. त्या अभ्यासक्रमात तत्त्वज्ञानाचा पेपर नव्हता. अकाउंटन्सी होती, कॉस्टिंग होते, मर्कंटाइल लॉ होता. पण ‘मी कोण?’ हा प्रश्न तीन वर्षांत कुणी विचारला नाही. पुढे बँकेत लागलो आणि तो प्रश्न आपोआप सुटला. मी कोण? तर काउंटर नंबर तीन. कुठून आलो? नऊ-पाचच्या बसने. कुठे जाणार? लंचला. सबंध आयुष्यात एकच सिद्धान्त मला पाठ होता: येणारी वस्तू नावे टाका, जाणारी जमा करा. बावीस वर्षे त्यावर संसार बरा चालला.

तो बिघडवला आमच्या वरच्या मजल्यावरच्या प्राध्यापकांनी. हे गृहस्थ आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झाले. दर नोव्हेंबरात, आपण जिवंत आहोत असा दाखला देण्यासाठी ते माझ्या काउंटरवर येतात. देकार्त नावाच्या फ्रेंच माणसाने नुसत्या विचार करण्यावरून आपले अस्तित्व सिद्ध केले होते, हे मला त्यांच्याकडूनच कळले. आमच्या बँकेला विचार चालत नाही, आधार कार्ड लागते.

एकदा मी त्यांच्याकडे तक्रार केली, की आमचे चिरंजीव फार प्रश्न विचारतात. प्राध्यापकांचे डोळे असे चमकले, की जणू मी मुदत ठेवीवर दीड टक्का जास्त देऊ केला होता. म्हणाले, “त्याला तत्त्वज्ञान द्या. पण गोष्टीतून द्या. कुनैनची गोळी पेढ्यात घालून देतात तसं.”

मग त्यांनी मला जिन्यातच अर्धा तास उभे केले. नॉर्वेत योस्टाईन गार्डर नावाचे एक मास्तर होते. शाळेत तत्त्वज्ञान शिकवायचे. त्यांनी १९९१ साली ‘सोफीचे विश्व’ अशा अर्थाच्या नावाची कादंबरी लिहिली. चौदा वर्षांच्या मुलीला टपालपेटीत निनावी चिठ्ठ्या सापडू लागतात, आणि त्या चिठ्ठ्यांमागून सॉक्रेटिसपासून सार्त्रपर्यंत सगळी मंडळी घरात शिरतात. पुस्तक पन्नासहून जास्त भाषांत गेले. त्याच्याही आधी अमेरिकेत मॅथ्यू लिपमन नावाचे तर्कशास्त्राचे प्राध्यापक होऊन गेले. कॉलेजात येईपर्यंत मुलांची विचार करण्याची सवय मोडलेली असते, असे त्यांच्या ध्यानात आले. म्हणून त्यांनी शाळेतल्या मुलांसाठी १९७४ मध्ये एक गोष्टच छापली. नायकाचे नाव हॅरी स्टॉटलमायर. जरा घाईत म्हणून पाहा, आत ॲरिस्टॉटल ऐकू येतो. या हॅरीला वर्गात डुलक्या घेताना शोध लागतो, की सगळे ग्रह सूर्याभोवती फिरतात हे खरे, पण म्हणून सूर्याभोवती फिरणारे सगळेच ग्रह नसतात, धूमकेतूही फिरतो.

हे मला लगेच पटले. आमच्या शाखेतले सगळे क्लार्क चहा पितात. पण चहा पिणारे सगळेच क्लार्क नसतात, काही मॅनेजरही असतात.

मी सोफीबाईंना विकत घेऊन आलो. साडेचारशेच्या वर पाने. चिरंजीवांनी पुस्तक हातात तोलून पाहिले आणि विचारले, “बाबा, याचा पिक्चर नाही का?” तेव्हा मी ठरवले, की आधी मीच वाचावे आणि त्याला थोडे थोडे सांगावे. रोज रात्री दहा पाने. त्यातली एक कल्पना माझ्या मनात रुतून बसली. हे जग म्हणजे जादूगाराच्या टोपीतून निघालेला ससा. मुले जन्मतात ती त्या सशाच्या केसांच्या टोकावर, म्हणून त्यांना सगळ्याचे नवल वाटते. वय वाढते तसे माणूस खाली सरकत सशाच्या उबदार लवेत जाऊन बसतो आणि वर यायचे नाव घेत नाही. मी अंगावरची चादर पाहिली. मी कुठे बसलो आहे हे मला स्पष्ट दिसले. तिथे ऊब होती, पासबुक होते आणि दोन टक्के महागाई भत्ता थकलेला होता.

पुढे मला चटक लागली. प्राध्यापक रोज जिन्यात एक गोष्ट देत आणि मी ती रात्री चिरंजीवांना सांगे. अशीच एका रात्री गायगीजच्या अंगठीची गोष्ट सांगितली. ही प्लेटोने ‘रिपब्लिक’मध्ये आपल्या सख्ख्या भावाच्या, ग्लॉकनच्या तोंडी घातली आहे, वय सुमारे चोवीसशे वर्षे. लिडिया देशात एक धनगर होता. भूकंप झाला, जमीन दुभंगली. आत त्याला एका प्रेताच्या बोटात सोन्याची अंगठी मिळाली. तिचा खडा तळहाताकडे वळवला, की माणूस दिसेनासा व्हायचा. हा भला माणूस राजवाड्यात गेला, राजाला मारले आणि स्वतः राजा झाला. ग्लॉकनचा सवाल असा: अशा दोन अंगठ्या केल्या, एक सज्जनाला दिली आणि एक दुर्जनाला, तर दोघांच्या वागण्यात काही फरक राहील का?

गोष्ट संपवून मी प्राध्यापकी थाटात विचारले, “तू काय करशील?”

चिरंजीव म्हणाले, “आधी तुम्ही सांगा. तुमच्याकडे तर समोर नोटाच नोटा असतात.”

मी म्हणालो, “मी अंगठी हेड ऑफिसला जमा करीन.”

उत्तर झकास होते. चिरंजीव खूश होऊन झोपले, पण माझी झोप उडाली. बावीस वर्षांत माझ्या कॅशमध्ये एका रुपयाचाही घोळ झालेला नाही. पण माझ्या डोक्यावर कॅमेरा आहे. शेजारी दुसरा क्लार्क आहे. संध्याकाळी ताळेबंद आहे आणि वर्षाला ऑडिट आहे. मग मी प्रामाणिक आहे म्हणून प्रामाणिक आहे, की कॅमेरा आहे म्हणून? हे तपासायची संधीच कधी आली नव्हती.

ती आठच दिवसांत आली, आणि तीही एस.टी.त.

मेहुण्याच्या मुलाची मुंज होती, वाईला. आम्ही स्वारगेटला गाडीत बसलो. आता एस.टी.चे गणित असे आहे: पाच ते बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला अर्धे तिकीट, आणि मार्च २०२३ पासून बाईमाणसालाही अर्धेच. म्हणजे सौ. अर्धी. आणि चिरंजीव? त्यांना बारा पूर्ण होऊन चार महिने झाले होते. कंडक्टर आला. चिरंजीवांकडे बघून म्हणाला, “पोराचं वय?”

मी म्हणालो, “बारा.”

वाचकहो, यात खोटे काय? बाराच चालले होते... म्हणजे तेरावे चालले होते, पण तोंडाने आपण बाराच म्हणतो. ‘वर चार महिने’ हे शब्द मी मनात म्हटले. धर्मराजानेही ‘नरो वा कुंजरो वा’ असेच हळू म्हटले होते. तेव्हा जमिनीच्या चार बोटे वरून चालणारा त्याचा रथ खाली आला म्हणतात. आमची गाडी त्याच क्षणी खड्ड्यात आदळली. मी योगायोग समजलो.

कंडक्टरने यंत्रातून एक पूर्ण आणि दोन अर्धी तिकिटे काढून दिली. वाचलेली रक्कम शंभराच्या आतच होती. मी खिडकीबाहेर पाहू लागलो. कात्रजचा बोगदा आला, अंधार झाला, आणि त्या अंधारात चिरंजीवांचा आवाज आला, “बाबा, अंगठी काम करते.”

सौ. म्हणाली, “कसली अंगठी?”

“काही नाही,” आम्ही दोघे एकदम म्हणालो. पोराने मला सांभाळून घेतले, हे मला जास्त लागले.

वाईत मुंज यथासांग पार पडली. बटूने भिक्षा मागितली आणि मामांनी पाकिटे घातली. संध्याकाळी सासरे नव्या बटूला, आमच्या चिरंजीवांना आणि अर्धा डझन पोरांना घेऊन कृष्णेच्या घाटावर बसले. वाई म्हणजे प्राज्ञपाठशाळेचे आणि विश्वकोशाचे गाव. तिथे सासऱ्यांनाही अधूनमधून उपनिषदांची उबळ येते. त्यांनी नचिकेताची गोष्ट काढली. कठोपनिषदातली. मला बरे वाटले, म्हटले आपलेही खाते आहे या बँकेत.

गोष्ट मी ऐकून होतो, पण सुरुवात विसरलो होतो. नचिकेताचा बाप, वाजश्रवस, यज्ञ करतो आणि सर्वस्व दान करायला निघतो. पण देतो काय? ज्यांचे शेवटचे पाणी पिऊन झाले, शेवटचा चारा खाऊन झाला, ज्यांचे दूध कायमचे आटले, अशा गायी! आमच्या भाषेत सांगायचे तर भटजीबुवांना त्याने थकीत कर्जे वाटली. आणि हे सगळ्या मंडपात कुणाला दिसत नाही. दिसते पोराला. ते सरळ बापाला ‘हे खोटे आहे’ म्हणत नाही. ते नुसते विचारते, की मग मला कुणाला देणार? एकदा, दोनदा, तीनदा. बाप चिडून म्हणतो, दिला तुला यमाला.

मी चिरंजीवांकडे पाहायचे टाळले. त्यांनी माझ्याकडे पाहायचे टाळले नाही.

सासरे पुढे गेले. पोरगा यमाच्या दारात तीन रात्री उपाशी बसतो. यम ओशाळतो, तीन वर देतो. शेवटच्या वराला पोरगा मृत्यूनंतरचे कोडे विचारतो. यम हत्ती देतो, घोडे देतो, सोने देतो, हे तेवढे विचारू नको म्हणतो. पण पोरगा हटत नाही. सगळे व्याख्यान त्याच्यावर असते. माझे लक्ष मात्र पहिल्या वरावर अडकले. मृत्यूच्या दारात उभ्या त्या पोराने सर्वांत आधी काय मागितले? तर बापाचा राग जावो, आणि मी परत गेलो की त्याने मला ओळखून प्रेमाने बोलावे.

पोरे पाण्यात खडे मारायला पळाली. चिरंजीव माझ्याजवळ येऊन बसले. थोड्या वेळाने म्हणाले, “बाबा, रागावलात?”

मी म्हणालो, “नाही रे.” घाटावर वारा असल्याने डोळ्यांत काहीतरी गेले होते.

रात्री सौ.ला सगळे सांगितले. ती म्हणाली, “अहो, नसतं वेड कशाला लावता पोराला? उद्या जगात वावरायचंय त्याला. पंचतंत्र सांगा.” तिचेही खोटे नव्हते. विष्णुशर्म्याने सहा महिन्यांत तीन ठोंब्या राजपुत्रांना शहाणे केले म्हणतात, आणि तेही गोष्टी सांगूनच. पण त्या गोष्टी जगात कसे टिकावे हे शिकवतात. सिंहाला विहिरीत पाडणारा ससा वेगळा आणि टोपीतून निघालेला ससा वेगळा. पोराला दोन्ही ससे लागणार. मात्र दुसरा ससा पाळायचा, तर तो आपल्याच घरातली कोथिंबीर खाणार, एवढे बापाने धरून चालावे. उपदेश केला की तो पोराकडेच जातो. गोष्ट सांगितली की ती दोघांच्या मध्ये बसते आणि दोघांकडे बघते. मी गोळी पेढ्यात घालून दिली खरी. पण अर्धा पेढा माझ्या तोंडात होता हे मला उशिरा कळले.

परतीच्या गाडीत कंडक्टर आला. मी म्हणालो, “दोन फुल, एक लेडीज.” त्याने यंत्र दाबले. मग मी चोरट्या आवाजात म्हणालो, “आणि अजून एक हाफ द्या. लहान मुलाचं.”

कंडक्टरने आमच्या बाकावर पाहिले. आम्ही तिघे होतो. त्याने बाकाखाली पाहिले. “चौथं कुठाय?”

आता याला काय सांगणार? की हा कालच्या दिवसाचा राहिलेला फरक आहे, जाणारी वस्तू जमा करायची राहिली होती? मी चाचरू लागलो. माझ्या काउंटरवर फॉर्म चुकलेला ग्राहक जसा दिसतो, तसा मी दिसत असणार.

चिरंजीव शांतपणे म्हणाले, “आहे. पण दिसत नाही.”

कंडक्टरने एकदा त्याच्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. असले प्रवासी त्याला नवे नसावेत. तिकीट फाडून माझ्या हातात देत तो म्हणाला, “बरं. मांडीवर घ्या त्याला. सुरूरला गर्दी होईल.”